आईचा बाप्तिस्मा आणि नानांची आंघोळ

आमच्या घरात माझी आई एकटीच कोरडी होती. हा शब्द माझा नव्हे, आमच्या मंडळीतल्या बायकांचा. ज्यांनी अजून बाप्तिस्मा घेतला नाही त्यांना त्या आपसांत कोरड्या म्हणत, आणि म्हणताना आवाज असा खाली आणत की ज्या बाईबद्दल बोलणं चाललंय तिला तो हमखास ऐकू जावा. आमच्या मंडळीत डोक्यावर चार थेंब शिंपडून भागत नसे. अख्खा माणूस पाण्याखाली जाऊन वर यावा लागे. माझे वडील, म्हणजे दादा, माझ्या जन्माआधीच पांझरेच्या डोहात जाऊन आले होते. आई मात्र त्या दिवशी काठावर त्यांचे कोरडे कपडे घेऊन उभी राहिली, आणि पुढेही वर्षानुवर्षं उभीच राहिली.

धुळ्याला मिशनच्या दवाखान्यामागे आम्हांला दोन खोल्या होत्या. दादा तिथे कंपाउंडर. आमच्या घराला दोन वास होते, एक दादांच्या सदऱ्याला येणारा कार्बोलिकचा आणि दुसरा आईच्या तव्यावरच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा. सकाळी दादा पुढच्या खोलीत मोठ्यानं प्रार्थना करायचे, आत आई भाकरी थापायची, आणि का कोण जाणे, तिच्या थापांचा ठेका त्यांच्या प्रार्थनेला बरोबर बसायचा. भाकरी फुगायची वेळ झाली की आई आतूनच मोठ्यानं 'आमेन' म्हणायची. मग दादांना आटोपतं घ्यावंच लागे. पवित्र आत्मा थांबेल, भाकरी थांबत नाही, असा तिचा हिशेब होता. देवावर तिचा विश्वास नव्हता असं कोणी म्हणू नये. वचनं तिला दादांपेक्षा जास्त पाठ होती, आणि गाण्यात तर ती साऱ्या मंडळीला ओढून नेई.

पण महिन्यातून एकदा प्रभुभोजन असे. भाकर आणि प्याला फिरायच्या आधी एक गाणं व्हायचं, आणि ते चालू असताना बाप्तिस्मा न झालेल्यांनी उठून बाहेर जायचं. उठायचो आम्ही पोरंटोरं, आणि माझी आई. बाहेर कडुनिंबाखाली ती आम्हांला गोष्टी सांगायची. लहान होते तोवर मला हा मोठा मान वाटायचा, की सगळ्या आया आत आणि आपली आई तेवढी आपल्याबरोबर. मग एका रविवारी मी तिच्याकडे नीट पाहिलं. तोंडानं गोष्ट चालू होती, आणि मान सारखी दाराकडे वळत होती. त्या दिवसापासून प्रभुभोजनाच्या रविवारी मी गोष्ट ऐकायचं सोडून तिच्या मानेकडेच बघत बसायचे.

तिला अडवलं होतं नानांनी. नाना म्हणजे आईचे वडील. भडगावला गिरणेच्या काठी त्यांचा केळीचा मळा होता. जावई ख्रिस्ती झाला तेव्हा नाना फारसं बोलले नाहीत. पण आईला समोर बसवून एकच वाक्य सांगितलं, आणि ते आमच्या घरात इतक्यांदा कुजबुजलं गेलं होतं की मला ते पाठ्यपुस्तकातल्यासारखं येत होतं. "ज्या दिन तू ते पानी लिशी, त्या दिन मी तुना नावनी आंघोय करसू." माणूस मेल्याची वार्ता आली की घरचे अंगावर पाणी घेतात. जिवंत माणसाच्या नावानं तशी आंघोळ केली की ते माणूस त्या घराला मेलं. ही नुसती धमकी नव्हती, याचा पुरावा आमच्या घरातच दाढी करत बसलेला असायचा. दादांच्या नावानं त्यांच्या घरच्यांनी आंघोळ केली होती. मी एकदा धुळ्याच्या बाजारात दादांचं बोट धरून वांगी घ्यायला उभी होते. शेजारी एक माणूस आला, हुबेहूब दादांच्या नाकाचा. त्यानं वांगी निवडली, पिशवी भरली आणि आमच्या आरपार बघत निघून गेला. "कोण हो?" मी विचारलं. "माझा धाकटा भाऊ," दादा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी वांग्यांचा भाव केला नाही.

मी मोठी झाले तसं साळवे पाळक मला बाप्तिस्म्यासाठी शिकवायला घरी येऊ लागले. उंच, किडकिडीत गृहस्थ, आवाज मात्र देवळाची घंटा. त्यांची एकच अडचण होती, त्यांना पाण्याची भीती वाटायची. आदल्या वर्षी दवाखान्यातल्या एका भारदस्त नर्सबाईंना बुडवताना त्यांचा पाय सरकला आणि दोघंही दिसेनासे झाले. दोघंही वर आले, पण दादा पुढे बरेच दिवस म्हणत, "पाळकसाहेबांचा दोनदा झालाय."

तर ते पुढच्या खोलीत बसले होते, आत भाकरी थापल्या जात होत्या, आणि मी नाटकात पडदा उघडल्यावर उभं राहावं तशी उभी होते.

"सुमती, बाप्तिस्मा म्हणजे काय?"

"ख्रिस्ताबरोबर मरणे, पुरले जाणे आणि पुन्हा उठणे."

"पाण्यानं पाप धुतलं जातं का?"

"नाही. पाणी ही खूण. धुणारा प्रभू."

"मग नुसता मनात विश्वास धरला तर चालणार नाही का? पाण्यात कशाला जायचं?"

इथे माझं पाठांतर संपलं. मी आढ्याकडे बघायला लागले. पाळकसाहेबांनी माझी सुटका केली. म्हणाले, "अगं, मनातलं कोणाला दिसतं? मनातल्या मनात लग्न लागतं का? मांडवात, चारचौघांसमोर उभं राहावं लागतं. तसंच हे. पाण्याखाली जाणारा माणूस सगळ्यांदेखत सांगतो, की माझं आधीचं आयुष्य संपलं. पाणी ही त्याची कबर. आत गेला तो मेला. वर येतो तो नवा."

आतल्या थापा थांबल्या. आई पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

"पाळकसाहेब, म्हणजे मरायचंच असतं?"

"हो बाई. खुणेनं, पण मरायचंच."

"मग आमचे नाना वेगळं काय म्हणतात?"

आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा भाकरी करपली.

आज मला वाटतं, कितीतरी पुस्तकं वाचूनही बाप्तिस्म्याचा अर्थ मला जितका कळला नाही तितका त्या करपल्या वासात आईला कळून गेला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की नाना आडवे आले आहेत. आता तिला दिसलं की साऱ्या ओळखीच्या माणसांत नाना एकटेच असे होते की ज्यांनी ह्या पाण्याला थट्टेवारी घेतलं नव्हतं. बाकीच्यांना ते सणाचं पाणी वाटत होतं. आत जाऊन वर येणारी बाई तीच उरत नाही, हे त्यांनी बाप्तिस्मा न बघताच ओळखलं होतं.

संध्याकाळी तिनं दादांना सांगितलं, "मी घेणार."

आणि माझे दादा, जे रोज सकाळी ह्याच गोष्टीसाठी डोळे मिटून प्रार्थना करत होते, ते एकदम म्हणाले, "घाई नको करू."

"तुमची एवढ्या वर्षांची प्रार्थना, आणि आता घाई?"

"मला वाटलं होतं घरच्यांचा राग आठवड्यात जाईल," दादा म्हणाले. "तू बघतेस ना."

पाळकसाहेबही म्हणाले, पांझरेत आता गुडघाभरही पाणी नाही, पावसाळा होऊ दे. आई म्हणाली, "आता थांबले तर पुन्हा थांबेन. नानांच्या मळ्यात हौद आहे. छातीएवढं पाणी असतं त्यात." पाळकसाहेब सावकाश म्हणाले, "बाई, तुम्ही वडिलांकडे त्यांच्याच हौदाचं पाणी मागणार? ह्यासाठी?" आई म्हणाली, "त्यांना दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायला नको."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मला दोन भीती होत्या. एक म्हणजे नानांचा मळा जाणार. उन्हाळ्याच्या सुटीतला तो गारवा, पाटातलं पाय ठेवायचं पाणी, मामीच्या हातचे डुबुक वडे, आणि मला खांद्यावर घेऊन केळीचा घड दाखवणारे नाना, हे सगळं एका तांब्याभर पाण्यात वाहून जाणार. आणि दुसरी भीती मी कोणाला सांगू शकत नव्हते. आई आत जाईल, आणि साळवे पाळकांचा पाय सरकेल. पुरणे, मरणे हे शब्द मी इतक्या ठसक्यात म्हटले होते, की आता तेच माझ्या मागे लागले होते.

आम्ही एस.टी.नं पारोळ्यावरून भडगावला गेलो. मंडळीचे लोक दोन दिवसांनी येणार होते. नाना मळ्यातच होते, कोयत्यानं केळीची वाळकी पानं उतरवत. आम्हांला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि मला वाटलं, हा चेहरा मी शेवटचा बघतेय. आई पाटाच्या कडेला बसली. पाणीबिणी न पिता सरळ बोलली, तिच्या माहेरच्या बोलीत.

"नाना, मी पानी लेस."

कोयता थांबला नाही. "कवय?"

"परवदिन. आठेच. तुमना हौदमा."

आता थांबला. "पानी मनं, पोर मनी, आन माले इचारी ऱ्हायनी."

"इचारत नई, नाना. मांगस."

वाऱ्यानं केळीची पानं एकमेकांवर आपटत होती. कापड फाडावं तसा तो आवाज असतो, आणि तो एरवी मला आवडायचा. नानांनी उपरण्यानं कोयत्याचं पातं पुसलं. "पानी देसू," ते म्हणाले. "पन जे बोलेल शे ते करसू."

"माहीत शे माले," आई म्हणाली.

मग नाना माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पोरी, केयं खाशी?" मी ते केळं घेतलं आणि तासभर हातात धरून बसले. ते मऊ होऊन काळं पडलं, पण मी ते सोललंच नाही.

मामी दोन दिवस आईशी फक्त स्वयंपाकाचं बोलली. एकदाच पीठ मळताना म्हणाली, "वन्स, आजून इचार करी ल्या." आई म्हणाली, "मीठ कमी शे," आणि मीठ घातलं.

ठरल्या दिवशी सकाळी मंडळी आली, ढोलकी आणि झांजा घेऊन. गावातलीही माणसं आली, बोलावल्याशिवाय. हौदाच्या एका अंगाला आमचे पांढरे कपडे, दुसऱ्या अंगाला त्यांचे पटके. मधे नाना, जमिनीवर बसलेले, शेजारी पितळेचा तांब्या. त्या तांब्याकडे सगळे बघत होते आणि कोणीच बघत नाही असं दाखवत होते. पाळकसाहेब हौदाच्या पायरीवर उभे राहून पाण्याकडे बघत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "पाद्रीले पव्हता येस का रे?" हशा झाला. पाळकसाहेबांनी ऐकलं नाही असं केलं, पण त्यांचे कान लाल झाले.

आई पांढऱ्या लुगड्यात पुढे आली तेवढ्यात नाना उठले. "थांबा."

दादांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. नाना हौदाशी गेले, पाण्यात बोट घालून त्यांनी हिरवा तवंग बाजूला केला. "हाई जुनं पानी शे. ढोरं पेतस हाईमा," ते म्हणाले. "ताजं भरसूत." आणि त्यांनी हौदाचा बोळा काढला.

हौद रिकामा व्हायला वेळ लागला. सगळं हिरवं पाणी केळीत गेलं. मग विहिरीवरचं इंजिन चालू होईना. नाना हँडल फिरवून फिरवून दमले, वयच झालं होतं. गावचं कोणी हलेना, कारण कोणत्या कामाला हातभार लावतोय हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी दादा न सांगता पुढे झाले आणि त्यांनी हँडलवर नानांच्या हाताशेजारी हात ठेवला. नानांनी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण हात बाजूलाही केला नाही. दोघांनी मिळून फिरवलं. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि टुकटुकत सुटलं. नळातून कोपराएवढी जाड धार हौदात पडायला लागली.

आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींची वाट पाहिली आहे, पण तसला वेळ पुन्हा गेला नाही. पाणी भिंतीवरून वर चढत होतं आणि माझा जीव तेवढाच खाली जात होता. आमची माणसं गात होती, त्यांची माणसं विड्या ओढत होती. उन्हं तापली तशी दोन्हीकडची माणसं सरकत सरकत एकाच आंब्याच्या सावलीत आली. मला आठवतं, ज्यानं पाळकांची थट्टा केली होती तोच माणूस हळूच झांजेवर बोटानं ठेका धरत होता. फक्त नाना आणि आई उन्हात होते. एकमेकांपासून लांब, दोघांची नजर पाण्यावर.

हौद भरला. पाळकसाहेब आत उतरले, मागोमाग आई. पाणी तिच्या छातीला लागलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "प्रभू येशू तुमचा तारणारा आहे असा विश्वास तुम्ही धरता का?"

"धरते."

"आणि त्याच्यामागे चालणार, काही झालं तरी?"

आईनं मान वळवून एकदा नानांकडे बघितलं. "काही झालं तरी," ती म्हणाली.

पाळकसाहेबांनी तिच्या नाकावर रुमाल धरला, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हटलं, आणि माझी आई मागे झुकून पाण्याखाली गेली. लुगड्याचा पदर तेवढा वर राहिला, फुगून. ढोलकी थांबली होती. इंजिनचा आवाज होता का नव्हता, मला सांगता येत नाही. नाना दोन पावलं पुढे आले होते, हात पुढे केलेले, पोर विहिरीत पडली तर बाप धावेल तसे. मग पाणी फुटलं आणि आई वर आली, खोकत, केस तोंडावर, डोळे घट्ट मिटलेले. पाळकसाहेबांचा पाय जागचा हलला नव्हता. आमची माणसं गायला लागली. मी रडायला लागले. (माझा स्वतःचा बाप्तिस्मा पुढे पांझरेला ऐन पुरात झाला. मी इतकं गढूळ पाणी प्यायले की दादांनी तिथेच डोस पाजला. पण रडले मी आईच्या वेळीच.)

नाना परत मागे गेले. तांब्या उचलला. नळाच्या धारेखाली भरला, हौदात पडणाऱ्या त्याच धारेखाली. आई पायरीवर ओलेती उभी होती. तिच्याकडे तोंड करून नानांनी तो तांब्या डोक्यावर पालथा केला. पटका, सदरा, मिशा, सगळं निथळलं. गाणं विझत विझत थांबलं. मामीनं पदर तोंडात कोंबला. आईनं ते सगळं उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि ती हलली नाही.

नानांनी तोंड पुसलं आणि मामीला म्हणाले, "बट्टी भाजी लेय का?"

बट्टी म्हणजे आमच्याकडे पाहुण्यांचं जेवण; मामीला कळेना. गावातले एक वडीलधारे म्हणाले, "नाना, हाई काय? आते कसानी बट्टी?"

"मनी आंडेर, मनी पोर मरी गयी," नाना म्हणाले. त्यांचा आवाज मध्येच चिरकला, तो त्यांनी खाकरून सारखा केला. "मी आंघोय करी. बठ्ठासनी दखं. जे बोलनू ते करं." मग ओल्या हातानं आईकडे बोट केलं. "हाई बाई कोन शे, माले माहीत नई. मना मयामा उनी शे, म्हनजे पाव्हनी शे. पाव्हनीले उनमा उभी नका करू."

सावलीतल्या माणसांना बोट ठेवायला जागा उरली नाही. नानांनी शब्द पाळला होता, सर्वांसमोर पाळला होता. आणि मळ्यात आलेल्या पाहुण्याला उपाशी पाठवणारं घर खानदेशात अजून मला दिसायचं आहे. साळवे पाळक पाण्यातच उभे होते. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना आपलं प्रवचन दुसऱ्यानं करून टाकल्यासारखं झालं.

पण हे सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. नाना पुढे बरीच वर्षं जगले, आणि त्यांनी आईला पुन्हा कधी नावानं हाक मारली नाही. 'बाय' म्हटलं नाही, 'पोरी' म्हटलं नाही. शेवटपर्यंत 'पाव्हनीबाई'. आम्ही उन्हाळ्यात जायचो, मला केळी मिळायची, पण आई माजघरात न बसता ओसरीवर बसायची, जिथे पाहुणे बसतात. प्रभुभोजनाला ती आता आत असायची आणि माहेरी बाहेर. ह्याचा हिशेब तिनं कोणाला मांडून दाखवला नाही.

त्या दुपारी मात्र आंब्याखाली पंगत बसली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या बट्ट्या, वरण, केळीची पानं. आई कोरडं लुगडं नेसून बसली होती, केस अजून ओले. नानाही ओल्याच कपड्यांत तुपाची वाटी घेऊन वाढायला आले. सगळ्यांना वाढत वाढत आईपुढे आले आणि वाकले.

"पाव्हनीबाई, गाव कोनतं?"

आईनं खाली बघून उत्तर दिलं. "धुळं."

"मायबाप शेत का?"

"माय नई. बाप शे."

"कोठे ऱ्हास?"

"आठेच. भडगावले."

नानांनी तुपाची वाटी या हातातून त्या हातात घेतली. "मंग त्याना घर काबरं नई उतरनी?"

"तो माले वयखत नई," आई म्हणाली.

नानांनी तिची बट्टी स्वतःच्या हातानं कुस्करली आणि वर तूप ओतायला सुरुवात केली. आमच्याकडे पाहुण्यानं बस म्हटल्याशिवाय तुपाची धार थांबवायची नसते. तूप बट्टीत जिरलं, वरणात उतरलं, पानाच्या कडेला आलं. आई बस म्हणेना. नाना ओतत राहिले.